बटण दाबलं, पण सोडलं कुठे?

सुरुवातीलाच एक लहानसा प्रयोग करायला सांगतो. संगणकाच्या पडद्यावर एखादं बटण असतं. ‘पाठवा’, ‘साठवा’, ‘बंद करा’ असं काहीही त्यावर लिहिलेलं असतं. माऊसचा बाण त्या बटणावर न्या आणि माऊसची कळ दाबा, पण बोट उचलू नका. कळ दाबलेली असतानाच बाण हळूच बाजूच्या मोकळ्या जागेत न्या आणि मग बोट उचला. काय होतं? काहीच होत नाही. पत्र जात नाही, खिडकी बंद होत नाही. जणू तुम्ही बटणाला हातच लावला नव्हता.

संगणक जवळ नसेल तर हाच प्रयोग मोबाइलवर करता येईल. पडद्यावरच्या एखाद्या बटणावर बोट ठेवा, ते न उचलता दूर सरकवा आणि मग उचला. बहुतेक ठिकाणी हाच अनुभव येईल.

सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत घेता येत नाही, असं आपण म्हणतो. संगणकाच्या पडद्यावरचा बाण मात्र सुटेपर्यंत परत घेता येतो. दाबणं आणि सोडणं यांच्यामध्ये माणसाला विचार बदलायला थोडी जागा ठेवलेली आहे. ही जागा आपोआप तयार झालेली नाही. ती कुणीतरी विचारपूर्वक ठेवली, आणि ती टिकवण्यासाठी संगणकशास्त्रज्ञांना एका अवघड प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं. प्रश्न असा, की दाबलेली कळ नेमकी कुणाच्या मालकीची?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे. आपण ‘क्लिक’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून ती एकच क्रिया वाटते. संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘कळ दाबली गेली’ ही एक आणि ‘कळ सोडली गेली’ ही दुसरी. बिचाऱ्या माऊसला एवढंच कळतं. आपण किती सरकलो आणि आपली कोणती कळ खाली आहे, यापलीकडे त्याला जगाची काही खबर नसते. बाणाखाली बँकेचं पान आहे की पत्त्यांचा डाव, हे त्याच्या गावीही नसतं. ही बातमी कुणाला द्यायची हे ठरवणारी एक वेगळी यंत्रणा मध्ये बसलेली असते. तिला आपण खिडक्यांची व्यवस्था म्हणू, म्हणजेच विंडो सिस्टीम.

माऊसचा जन्म झाला तेव्हा ही व्यवस्था नव्हती, कारण खिडक्याच नव्हत्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था होती. तिथे डग्लस एंगलबार्ट हे दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या रडारवर काम केलेले अभियंते होते. पडद्यावरच्या खुणेकडे बोट कसं दाखवायचं, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्यानं १९६४ साली पहिला माऊस तयार केला. तो होता लाकडी ठोकळ्याचा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच कळ. पुढे प्रकाशाचं पेन, जॉयस्टिक, एवढंच काय पण टेबलाखालून गुडघ्यानं चालवायचं एक साधन, यांच्याबरोबर माऊसची रीतसर तुलना झाली आणि सरावलेल्या हातांना माऊस सरस ठरला.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १००० संगणकतज्ज्ञांसमोर एंगलबार्ट यांनी ९० मिनिटांचं प्रात्यक्षिक दाखवलं. तोवर माऊसच्या कळा तीन झाल्या होत्या. मजकूर निवडणं, हलवणं, एका शब्दावरून दुसऱ्या पानावर जाणं, हे सगळं त्या दिवशी लोकांनी पाहिलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो संपूर्ण पडदा एकाच कामाच्या ताब्यात होता. कळ कुठेही दाबली तरी बातमी एकाच ठिकाणी जायची. एकट्याच्या घरात पत्रावर नाव लिहायची गरज नसते, तसंच ते.

नाव लिहायची वेळ आली ती पुढच्या दशकात. झेरॉक्स कंपनीनं १९७० साली पालो आल्टो इथे संशोधन केंद्र काढलं. बिल इंग्लिशही तिथे गेले. या केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याला उभ्या कागदासारखा पडदा होता आणि तीन कळांचा माऊस होता. अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर ‘स्मॉलटॉक’ ही प्रणाली उभी केली. टेबलावर कागद एकावर एक पसरलेले असावेत, तशा तिच्यात खिडक्या एकमेकींवर पसरायच्या. कोणत्या कळेनं काय होतं ते लक्षात राहावं म्हणून स्मॉलटॉकच्या मंडळींनी तीन कळांना लाल, पिवळी आणि निळी अशी नावं दिली होती.

आता पडद्यावर अनेक भाडेकरू आले. कळ दाबली तर बाणाच्या टोकाखाली सगळ्यांत वर जी खिडकी असेल तिची ती, हा पहिला नियम सोपा होता. पण माणसाचा हात एका जागी थांबत नाही. कळ एका खिडकीत दाबली, हात सरकला आणि सुटली दुसऱ्याच खिडकीत, तर? पहिल्या खिडकीला कळलं की दाबलं आहे, पण सोडल्याचं कळलंच नाही. ती बिचारी कळ अजून दाबलेलीच आहे असं समजून बसणार. आणि दुसऱ्या खिडकीला न दाबलेली कळ सुटल्याची बातमी मिळणार, म्हणजे न पाठवलेल्या मनिऑर्डरची पोचपावती!

हा प्रसंग क्वचित येणारा नाही, तो रोजचा आहे. लांबलचक मजकूर निवडताना आपण कळ दाबून बाण खाली खिडकीच्या बाहेर नेतो आणि मजकूर आपोआप वर सरकत राहतो. बाजूची सरकपट्टी ओढताना बाण हमखास पट्टीवरून घसरतो, तरी पान सरकायचं थांबत नाही. बाण बाहेर गेलेला असतो, पण बातम्या अजून जुन्याच खिडकीला पोचत असतात. यालाच संगणकाच्या भाषेत माऊसचा ताबा घेणं म्हणतात.

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. माऊसची कळ दाबणं म्हणजे असा रुमाल टाकणं. ज्या खिडकीत दाबलं, तिचा रुमाल पडला. त्यानंतर बाण कुठेही भटको, कळ सुटेपर्यंतच्या सगळ्या बातम्या तिच्याच. दाबलेलं ज्याला कळलं, सोडलेलंही त्यालाच कळलं पाहिजे, एवढाच हा नियम.

या नियमाच्या पोटातच आपली सुरुवातीची सवलत आहे. बोट कुठे उचललं गेलं हे मूळ खिडकीला कळतं, म्हणूनच ‘उचललं ते माझ्या बटणाच्या बाहेर, तेव्हा काही करायचं नाही’ असा निर्णय तिला घेता येतो. ताबा नसता तर सवलतही देता आली नसती.

ही सवलत सामान्य माणसापर्यंत आणण्याच्या कामात लॅरी टेस्लर यांचा वाटा मोठा आहे. झेरॉक्सच्या केंद्रात काम करताना त्यांनी एकच ध्यास घेतला होता, की माणसाच्या एका क्रियेचा अर्थ यंत्राच्या मनःस्थितीप्रमाणे बदलता कामा नये. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘नो मोड्स’ असं होतं. यामागचा किस्सा त्या केंद्रातल्या ‘ब्राव्हो’ या लेखनप्रणालीचा सांगितला जातो. आज्ञा देण्याच्या अवस्थेत असताना कुणी भाबडेपणानं इंग्रजी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, तर ‘ई’ म्हणजे सगळं निवडा, ‘डी’ म्हणजे पुसा, ‘आय’ म्हणजे नवं घाला, आणि उरलेलं ‘टी’ हे अक्षर. म्हणजे सगळा लेख जाऊन पानावर एकटा ‘टी’ उरायचा. माणसाची चूक एवढी महाग पडणं टेस्लर यांना मान्य नव्हतं.

१९७९ साली अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज आणि त्यांचे सहकारी झेरॉक्सचं काम पाहायला आले, तेव्हा प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांमध्ये टेस्लर होते. पुढच्याच वर्षी ते अ‍ॅपलमध्ये गेले. माऊसला कळा किती असाव्यात यावर तेव्हा वाद पेटला होता. झेरॉक्सनं १९८१ साली बाजारात आणलेल्या ‘स्टार’ला दोन कळा होत्या, आणि त्याही लोकांवर चाचण्या घेऊन ठरवलेल्या. टेस्लर यांनी एका कळेचा आग्रह धरला. कळ एकच असेल तर चुकीची कळ दाबली जाण्याचा प्रश्नच उरत नाही. १९८३ ची ‘लिसा’ आणि २४ जानेवारी १९८४ रोजी आलेला ‘मॅकिंटॉश’ हे एका कळेचे संगणक होते.

मॅकिंटॉशमध्ये ही सवलत पक्की झाली. बटणावर कळ दाबली की ते काळं व्हायचं. बाण बाहेर नेला की पुन्हा पांढरं, परत आणला की पुन्हा काळं. बोट आत उचललं तरच काम व्हायचं. हे सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम मॅकिंटॉशच्या ६४ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, बसवलेला होता. याचं महत्त्व लक्षात घ्या. बाहेरच्या कुणी मॅकिंटॉशसाठी पत्रलेखनाचा प्रोग्रॅम लिहिला, कुणी हिशेबाचा लिहिला, तरी बटणाचं वागणं त्यांना तयार मिळत होतं. माणसाला दिलेली सवलत प्रत्येक प्रोग्रॅमरच्या चांगुलपणावर सोडलेली नव्हती.

त्याची किंमतही होती. कळ दाबलेली आहे तोवर प्रोग्रॅम एकाच घोकंपट्टीत अडकायचा : अजून दाबलेली आहे का? अजून दाबलेली आहे का? एका वेळी एकच काम चालायचं तोवर ठीक होतं. पुढे एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची सोय आली, तेव्हा मेन्यू उघडून कळ दाबून बसलेल्या माणसापुढे बाकीची कामंही खोळंबायची.

मॅकिंटॉश आला त्याच वर्षी, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या प्रश्नाला वेगळंच वळण लागलं. तिथे बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स’ नावाची खिडक्यांची व्यवस्था सुरू केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘डब्ल्यू’ नावाची व्यवस्था होती, तिच्यावरून ही निघाली, म्हणून पुढचं अक्षर ‘एक्स’. हिची खासियत अशी, की प्रोग्रॅम चालतो एका संगणकावर आणि त्याची खिडकी दिसते दुसऱ्याच संगणकाच्या पडद्यावर. मध्ये असते तार.

तार आली की उशीर आला. समजा, कळ दाबल्याची बातमी दूरच्या प्रोग्रॅमकडे गेली. त्यानं ‘ताबा मला द्या’ असं उलट कळवलं. तो निरोप येईपर्यंत माणसानं बाण हलवून बोट उचललेलंही असेल, आणि सुटल्याची बातमी भलत्याच खिडकीला गेलेली असेल. म्हणून ‘एक्स’च्या कर्त्यांनी नियम केला, की मागायची वाटच पाहायची नाही. कळ दाबली जाताच, दाबल्याची बातमी ज्याला दिली त्याच्याच नावे ताबा आपोआप लागेल, आणि शेवटची कळ सुटताच तो आपोआप उठेल. १९८७ साली आलेल्या ‘एक्स’च्या अकराव्या आवृत्तीत हा नियम लेखी स्वरूपात आहे. मला हा नियम फार देखणा वाटतो. हक्क मागावा लागत नाही, आणि मुदत संपली की तो कुणाकडे राहतही नाही.

१९८५ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’नं दुसरी वाट धरली. तिथे ताबा प्रोग्रॅमनं मागायचा आणि काम झालं की आठवणीनं परत करायचा. १९९० च्या ‘विंडोज ३.०’बरोबर आलेला पत्त्यांचा ‘सॉलिटेअर’ आठवतो ना? त्यात पत्ता उचलून ओढणं आणि योग्य गड्डीवर सोडणं हाच तर खेळ. कळ दाबून ओढायची सवय कितीतरी बोटांना त्या पत्त्यांनीच लावली. पण आठवणीनं परत करणं हे माणसांना जमत नाही, तिथे माणसांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमना कसं जमणार? ताबा परत करायला विसरलेला प्रोग्रॅम म्हणजे रुमाल टाकून चहाला गेलेला प्रवासी. जागा रिकामी दिसते, पण बसता कुणालाच येत नाही.

‘एक्स’मध्येही मागून घेतलेल्या ताब्याची सोय होती आणि तिचा त्रासही होता. ताबा घेतलेला प्रोग्रॅम मध्येच अडकला, की पडदा दिसतो, बाण हलतो, पण कुठेही दाबा, उत्तर नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत. प्रोग्रॅम पूर्ण बंद पडला तर ‘एक्स’ त्याचा रुमाल काढून घेतं. तो जिवंत असून नुसता गप्प बसला असेल, तर मात्र इलाज अवघड. नव्वदच्या दशकातल्या नव्या विंडोजनी यावर मर्यादा घातली. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर बाण गेला, तर कळ प्रत्यक्ष दाबलेली असेपर्यंतच तुमचा ताबा. म्हणजे फिरून फिरून गाडी बोटावरच आली. माणसाचं बोट खाली आहे तोवरच हक्क.

मालकीचा हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, सुरक्षिततेचाही आहे, हे २००८ साली जगाला कळलं. रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन या दोघा तज्ज्ञांनी एका फसवणुकीकडे लक्ष वेधलं आणि तिला ‘क्लिकजॅकिंग’ असं नाव दिलं. क्लिकची पळवापळवीच ती. तुम्हाला दिसतं एक निरुपद्रवी पान, समजा बक्षिसाचं. त्याच्यावर काचेसारखं पारदर्शक दुसरंच पान पसरलेलं असतं. तुम्ही बक्षिसाचं बटण दाबता आणि कळ लागते वरच्या न दिसणाऱ्या बटणाला. नियम मोडलेला नसतो. सगळ्यांत वर असेल त्याची कळ, हा झेरॉक्सच्या काळापासूनचा नियम पाळूनच ही चोरी होते. म्हणून पुढे, आपलं पान दुसऱ्याच्या पानात बसवू देऊ नका असं बँकांना आणि इतरांना ब्राउझरला बजावता येईल, अशी सोय करावी लागली.

२००८ सालीच क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी ‘एक्स’ची जागा घेण्यासाठी ‘वेलँड’ ही नवी व्यवस्था सुरू केली. तिच्यात कुणाही प्रोग्रॅमला मनाला येईल तेव्हा सगळ्या माऊसचा ताबा मागता येत नाही. पण कळ दाबल्यावर आपोआप लागणारा आणि सुटल्यावर आपोआप उठणारा ताबा मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. इतक्या वर्षांत बाकी पुष्कळ काही बदललं, हा नियम टिकला.

महाराष्ट्रात २००० नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून असंख्य लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. गृहिणी होत्या, शिक्षक होते, निवृत्तीला आलेले कारकून होते. अशा वर्गांत शिकवताना मी एक गोष्ट नेहमी पाहत असे. तरुण मुलं टकटक करत पुढे जायची. वयस्कर माणसं मात्र कळ दाबायची आणि तिथेच थांबायची. बोट खाली, नजर पडद्यावर आणि चेहऱ्यावर भीती, की आपल्या हातून काही बिघडलं तर? मी सांगायचो, ‘‘काका, बोट उचलू नका. आधी बाण बाजूला घ्या, मग उचला.’’ एवढं केलं आणि काही बिघडलं नाही हे पाहिलं, की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. नंतर तीच माणसं धीटपणे नवी बटणं दाबून पाहायची. परत फिरता येतं हे कळल्याशिवाय माणूस पाऊल पुढे टाकत नाही.

एंगलबार्ट यांना माऊसच्या शोधातून संपत्ती मिळाली नाही. १९७० साली मंजूर झालेलं पेटंट त्यांच्या संस्थेच्या नावावर होतं आणि माऊस घरोघरी पोचायच्या आतच, १९८७ साली, त्याची मुदत संपली. २०१३ मध्ये ते गेले. टेस्लर २०२० मध्ये गेले. माऊसचा शोध कुणी लावला, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून मुलं पाठ करतात. पण दाबणं आणि सोडणं यांच्यामधली ती क्षणभराची जागा कुणी राखली, हे कुणी विचारत नाही. तिला एक मालक नाही. लाकडी ठोकळा घडवणारे, तीन कळांना रंगांची नावं देणारे, एका कळेसाठी भांडणारे, तारेतल्या उशिराचा हिशेब करणारे, अशा अनेकांच्या हातांनी ती राखली गेली.

आज आपण पैसे पाठवतो, अर्ज भरतो, संमती देतो, सगळं एका बोटाच्या दाबावर. कायदे आणि करार तिथवर येऊन थांबले आहेत. अशा वेळी यंत्र आपल्या दाबण्याला लगेच होकार समजत नाही, उचलण्याची वाट पाहतं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पुढच्या वेळी एखाद्या बटणावर बोट ठेवाल आणि मन कचरेल, तर घाई करू नका. बोट अजून खाली आहे तोवर निर्णय तुमचाच आहे.